लग्न ते पासपोर्ट: बेळगावात विकल्या जाणाऱ्या ‘नागरिकत्व पॅकेज’चं परीक्षण

परदेशी नागरिकाशी लग्न करून त्या देशाचं नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्यांना एकरकमी पैसे घेऊन ‘लग्न ते पासपोर्ट’ सगळं करून देतो म्हणणारी ऑफिसं बेळगावात आता कमी नाहीत. कुठे व्हिसा कन्सल्टन्सी आहे, कुठे टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाला जोडून धंदा चालतो, कुठे गोव्यातल्या वकिलाचा इथला माणूस आठवड्यातून दोन दिवस येऊन बसतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची गिऱ्हाइकंही इथेच येतात. पॅकेजमध्ये साधारण हेच असतं: लग्नाची नोंदणी, जन्मदाखला काढणं किंवा दुरुस्त करणं, कन्नड कागदांचं भाषांतर, अपोस्टिल, परदेशी अर्ज भरणं आणि शेवटी ‘फॉलो-अप’. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, या पॅकेजचंच आहे.

निकाल आधीच सांगतो. यातली निम्मी कामं पैसे देऊन करून घेण्यासारखी आहेत, पण पॅकेज म्हणून एकत्र घेऊ नका. कारण साधं आहे. पॅकेज सगळ्या देशांसाठी एकच असतं आणि प्रत्येक देशाला लागणारे कागद वेगळे असतात.

अपोस्टिलचंच घ्या. बिलातला तो सगळ्यात जाड आकडा असतो. अपोस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं, कागदावरची सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगणारं प्रमाणपत्र. ही पद्धत ठरवणाऱ्या हेग करारात भारत २००५ मध्ये आला. पोर्तुगालसाठी ते लागतंच. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाला किंवा अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला मात्र आपल्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवर अपोस्टिल कोणी मागत नाही. कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडलं की झालं. जर्मनीची गोष्ट तर उलटीच आहे. त्या करारातल्या भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतल्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. त्यांचा दूतावास आपला माणूस पाठवून गावातल्या मूळ नोंदवहीपर्यंत कागदाची पडताळणी करून घेतो. म्हणजे या चारांपैकी तीन देशांसाठी गिऱ्हाइकाने अपोस्टिलचे पैसे उगाच भरलेले असतात. मंत्रालयाची स्वतःची फी एका कागदाला ५० रुपये आहे. त्यावर ठरलेल्या एजन्सीचा सेवाआकार येतो, आणि ई-सनद या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनही काम होतं. त्याच कागदाला हजारोंचा आकडा सांगितला, तर राज्य पातळीवरची साक्षांकनं, कुरिअर आणि कमिशन यांची फोड कागदावर लिहून मागा.

अपोस्टिल लागणारच असेल, तर दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. पहिली म्हणजे लॅमिनेशन. आपल्याकडे जन्मदाखला आणि एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड हौसेने लॅमिनेट करून ठेवतात. लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिलचा स्टिकर लागत नाही आणि प्लास्टिक ओढून काढायला गेलं की शाई उठते. नवीन प्रत काढणं हाच उपाय. दुसरी म्हणजे क्रम. आधी मूळ कागदावर अपोस्टिल, मग भाषांतर, म्हणजे स्टिकरवरचा मजकूरही भाषांतरात येतो. घाईत आधी भाषांतर करून घेतलं तर ते पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसेही पुन्हा जातात. स्टिकरवरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. एजंटाने कागद हातात दिला की पैसे चुकते करण्याआधी तेवढं पाहाच.

आता पोर्तुगाल. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे या भागात सगळ्यात जास्त चौकशी याचीच असते, आणि सगळ्यात जास्त थापाही याच देशाच्या नावावर खपतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक, आणि त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली की त्यांची मुलं, पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. अशा कुटुंबात दिलेल्या बेळगावच्या लेकीला किंवा जावयाला ‘लग्न झालं की तुम्हालाही पासपोर्ट’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात पोर्तुगालच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे पोर्तुगीज नागरिकाशी झालेलं लग्न ३ वर्षांहून जास्त झालेलं असावं लागतं आणि लग्न टिकून असतानाच इच्छेचं निवेदन द्यावं लागतं. पोर्तुगालमध्ये राहण्याची अट त्यात नाही. म्हणूनच हा मार्ग घरबसल्या विकता येतो.

एजंट जे सांगत नाहीत ते पुढे आहे. सरकारी वकील हरकत घेऊ शकतो, आणि पोर्तुगीज समाजाशी खरा संबंध नाही हे हरकतीचं नेहमीचं कारण. गंभीर गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर तेही कारण. संबंध नसल्याची हरकत दोन परिस्थितींत चालत नाही: जोडप्याचं मूल जन्माने पोर्तुगीज असेल, किंवा लग्नाला किमान ६ वर्षं झाली असतील. म्हणून मूल नसलेल्या जोडप्याने चौथ्या वर्षी अर्ज करायचा की थांबायचं, हा खरा सल्ल्याचा प्रश्न आहे. चांगला सल्लागार इथेच ओळखू येतो. तो भाषेचं शिक्षण, तिकडचे नातेवाईक, येणं-जाणं याचे पुरावे आहेत का ते विचारतो. नुसता फॉर्म भरणारा लगेच फी सांगतो. अर्जाची सरकारी फी २५० युरो असते. पोर्तुगालने हा कायदा पुन्हा पुन्हा बदलला आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेला मजकूर दाखवा, असा आग्रह सल्लागाराकडे धरा.

त्याआधीची पायरी लग्नाच्या ट्रान्स्क्रिप्शनची. बेळगावात किंवा गोव्यात झालेलं लग्न आधी पोर्तुगीज नोंदीत चढवावं लागतं आणि त्याहीआधी जोडीदाराचा स्वतःचा जन्म तिथे नोंदलेला असावा लागतो. जोडीदाराची फाईल अजून सुरूच असताना ‘तुमचीही बरोबर टाकतो’ म्हणून आगाऊ पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका. पहिली नोंद पुरी झाल्याशिवाय दुसरी उभीच राहत नाही.

ट्रान्स्क्रिप्शन अडतं ते बहुतेक तारखेवर. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या असतात. पहिल्या सहीने लग्नाचा इरादा नोंदवला जातो, मग ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही होते आणि लग्न पुरं होतं. पहिली सही करून मंगल कार्यालयात अक्षता टाकल्या, जेवणावळी झाल्या आणि दुसरी सही राहूनच गेली, तर गोव्याच्या दप्तरी ते लग्न झालेलंच नसतं. दुसरीकडे असं होतं की मुलीकडच्यांनी आपल्या सोयीसाठी बेळगावच्या उपनोंदणी कार्यालयात नोंदणी केलेली असते आणि मुलाकडच्यांनी गोव्यात वेगळी. दोन दाखले, दोन तारखा. लिस्बनचा अधिकारी अशा वेळी फाईल बाजूला ठेवून खुलासा मागतो, आणि तो द्यायला मग वकीलच लागतो. एकदाच, एकाच ठिकाणी नोंदवा. दोन आधीच झाल्या असतील तर पोर्तुगीज फाईल उघडण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

या कामाला अगदी जवळून पाहिलं तर सगळा खेळ नावांचा आहे. सुनीता परशराम पाटील असं नाव धरा. एसएसएलसी कार्डावर आडनाव आधी येतं. कन्नड जन्मदाखल्यावर वडील परशराम, पण इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने सवयीने परशुराम लिहिलेलं असतं. पासपोर्टात नाव आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव मधे आलं. आता नवरा गोव्याचा नाईक. त्याच्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत नाईक शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेलं आणि शंकर एक्सने सुरू झालेला. अशा पाच कागदांवर एकाच माणसाचे पाच माणूस होतात. कन्नडमधून इंग्रजी आणि इंग्रजीतून पोर्तुगीज अशी दोनदा उडी मारली की त्यात आणखी एकाची भर पडते.

म्हणून भाषांतर हा पॅकेजमधला खरोखर पैसे देण्यासारखा भाग आहे, पण चांगल्या माणसाकडून. चांगला भाषांतरकार मूळ कागदात जे आहे तेच उतरवतो, पासपोर्टशी जुळावं म्हणून स्वतःहून अक्षर फिरवत नाही, आणि फरक दिसला की काम हातात घेण्याआधी सांगतो. फरक लहान असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी पुरतं. वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर मूळ नोंदच दुरुस्त करून घ्यावी लागते, तिथे प्रतिज्ञापत्राने भागत नाही. अर्ज चालू असताना लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर चढवण्याची घाई करू नका. माहेरचं नाव सगळीकडे सारखं असेल तर ते तसंच राहू द्या.

गावाच्या नावाचाही असाच घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी सरकारी स्पेलिंग बेळगावी झालं. जुन्या पासपोर्टवर बेळगाव, नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर बेळगावी. आपल्याला यात काही वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्यासाठी ही दोन वेगळी गावं आहेत. नामांतराची सरकारी अधिसूचना आणि चार ओळींचं पत्र पहिल्याच दिवशी फाईलला जोडलं की हा प्रश्न उठत नाही. पॅकेज विकणाऱ्यांपैकी फार थोडे हे करतात.

जन्मदाखल्यासाठी इथल्या माणसाची मदत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. महापालिकेत किंवा नाडकचेरीत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयात) अर्ज कन्नडमध्ये, मराठी शाळेत शिकलेल्याला तो धड वाचता येत नाही, आणि नोंद कुठल्या वर्षाच्या कुठल्या वहीत आहे हे शोधायला चिकाटी लागते. हे काम करणारे लोक मेहनत करतात आणि त्यांचे पैसे वाजवी असतात. दाखल्यात बाळाचं नाव रिकामं असेल तर आधी नाव घालून घ्या. आई आणि वडील दोघांची पूर्ण नावं आहेत का ते बघा. जन्म नोंदलाच गेला नसेल तर वर्ष उलटून गेल्यावरची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच होते. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी हा आदेश देतो. पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या तोंडावर नोंदलेला जन्म परदेशी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो. सोबत शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा आणि एसएसएलसी कार्ड द्या.

लग्नाची नोंदणी एजंटाशिवाय होऊ शकते, पण मुदती नीट समजून घ्या. दोघांचे धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा. नोटीस लागल्यापासून ३० दिवस हरकतीसाठी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार. परदेशी जोडीदाराने अविवाहित असल्याचं, किंवा लग्नाला अडथळा नसल्याचं, आपल्या देशाच्या यंत्रणेकडून आणलेलं पत्र. आता दोन आठवड्यांच्या रजेवर येणारा मुलगा हे सगळं कसं बसवणार? त्याने एकतर महिनाभराहून जास्त रजा काढावी, किंवा तीन महिन्यांच्या आत दोनदा यावं. ‘तारीख मागची टाकून देतो’ असं कुठे ऐकलं तर तिथून उठून या. खोट्या तारखेचा दाखला आज मिळेल, पण नागरिकत्वाच्या वेळी पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के त्याच्या शेजारीच ठेवले जातात.

ब्रिटन आणि अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण तिथे इथून विकत घेण्यासारखं काही नाही. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला आधी व्हिसा, नंतर मुदतवाढ, साधारण ५ वर्षांनी कायम वास्तव्य आणि त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज. कायद्यात ३ वर्षांचं वास्तव्य लिहिलेलं आहे. एजंट तेवढंच वाचून दाखवतात, पण अर्जासाठी कायम वास्तव्य हातात लागतं आणि ते तीन वर्षांत मिळत नाही. त्या ३ वर्षांत २७० दिवसांहून जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. बाळंतपणाला माहेरी येऊन सहा महिने राहणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. एप्रिल २०२४ पासून नव्या व्हिसासाठी वर्षाला किमान २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीनकार्ड मिळालं तर ते दोन वर्षांचं, अटीवरचं असतं. ती मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावा लागतो. तो चुकला तर तिथलं कायम वास्तव्यच धोक्यात येतं. नागरिकत्वाचा अर्ज ग्रीनकार्डच्या ३ वर्षांनंतर, तोवर त्याच अमेरिकन जोडीदाराबरोबर संसार चालू असेल आणि प्रत्यक्ष १८ महिने तिथे काढलेले असतील तर.

जर्मनीत ३ वर्षांचं वास्तव्य आणि २ वर्षांचं लग्न, बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन, ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर आणणारी नागरिकत्व परीक्षा आणि २५५ युरो फी. जोडीदार व्हिसालाच जर्मनच्या पहिल्या पातळीचं, ए१ सर्टिफिकेट लागतं. परीक्षा पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. बेळगावहून दोन्हीकडे रात्रीच्या बसने जाता येतं. जर्मनीच्या पॅकेजवर टाकायचे पैसे भाषेच्या शिकवणीवर टाका, हे आमचं ठाम मत आहे.

‘फॉलो-अप’ या नावाखाली जे विकतात त्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. पोर्तुगालचा ऑनलाइन अर्ज तिथले वकील आणि सोलिसिटाडोर (वकिलांसारखेच परवानाधारक कायदा-सल्लागार) हेच भरू शकतात, म्हणून इथल्या माणसामागे कोण आहे ते विचारा. नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या आणि तिथल्या वकील संघटनेच्या यादीत शोधून बघा. मुखत्यारपत्र द्यायचं तर ते एवढ्याच कामापुरतं, त्या वकिलाच्या नावाने. अर्जात ईमेल आणि फोन स्वतःचा टाका. एजंटाचा ईमेल टाकला की त्रुटीची नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, मुदत निघून जाते आणि गिऱ्हाइकाला वर्षभराने कळतं. मूळ पासपोर्ट कोणाकडेही ठेवू नका. पासपोर्ट ऑफिसच्या पोलीस क्लिअरन्सची फी ५०० रुपये आहे. ते अगदी शेवटी काढा, आधी काढून ठेवलं तर अर्जाच्या दिवसापर्यंत जुनं होतं. पैसे टप्प्याने द्या: ट्रान्स्क्रिप्शन झाल्याचा कागद मिळाला की पुढचा हप्ता.

पॅकेजबरोबर फुकट मिळणारा एक सल्ला मात्र घातकच आहे: ‘दोन्ही पासपोर्ट ठेवा, कोणाला कळत नाही.’ हे चारही देश दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात, भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी पासपोर्ट छापून हातात यायची वाटही कायदा बघत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड बसू शकतो. पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. त्याची फी भारतात १५,००० रुपये आणि परदेशात २७५ डॉलर आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी घरांनी अर्ज करण्याआधीच घरात बसून एक गोष्ट बोलून घ्यावी. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. वडिलांच्या नावावरच्या जमिनीची वाटणी व्हायची असेल तर वकिलाला विचारून उताऱ्यावरची नावं आधी लावून घेतलेली बरी. मतदार यादीतून नाव काढण्यासाठी फॉर्म ७ असतो, तोही परदेशी नागरिकत्व मिळालं की त्याच आठवड्यात भरून टाका.